वापरकर्त्याने दिलेलं फाइलनाव आणि सर्व्हरवरचा पाथ: जावा वेब ॲपमध्ये कसं हाताळता?

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एक चालू जावा वेब ॲप माझ्याकडे देखभालीला आलंय. बरंचसं सर्व्हलेट, थोडं स्प्रिंग. लोक त्यात पीडीएफ, फोटो, कधी झिप चढवतात आणि नंतर तेच उतरवून घेतात. सुरक्षा तपासणीच्या अहवालात डाउनलोडच्या भागावर 'पाथ ट्रॅव्हर्सल, सीडब्ल्यूई-२२, गंभीर' असा शेरा आलाय (म्हणजे नावात "../" वगैरे घालून ठरलेल्या फोल्डरबाहेरची फाइल मिळवता येणं; सीडब्ल्यूई-२२ हा त्या दोषप्रकाराचा क्रमांक). कोड साधारण असा आहे (इथे वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत उतरवलाय):

स्ट्रिंग नाव = रिक्वेस्ट.गेटपॅरामीटर("फाइल");
नाव = नाव.रिप्लेस("../", "");
फाइल फ = न्यू फाइल("/साठा/दस्त/" + नाव);
इफ (फ.गेटॲब्सोल्यूटपाथ().स्टार्ट्सविथ("/साठा/दस्त")) पाठव(फ);

मूळ कोड लिहिणाऱ्याने विचार केलेला दिसतो. वर जाण्याचे ठिपके काढलेत, फोल्डरच्या आत आहे की नाही तेही तपासलंय. मग गंभीर का? जावा १७ आहे, बहुतेक ठिकाणी लिनक्सवर टॉमकॅट, एक-दोन ग्राहकांकडे विंडोज. अख्खं ॲप पुन्हा लिहिता येणार नाही, पण फाइलींचा भाग मुळापासून नीट करायला परवानगी मिळाली आहे. तेव्हा ठिगळ नको, नीट मार्ग सांगा.

दुर्गवासी

दोन्ही तपासण्या दिसायला आहेत, कामाला नाहीत. एकेक ओळ घेऊ.

रिप्लेस एकदाच डावीकडून उजवीकडे जातो. नाव म्हणून "....//" पाठवा. मधला "../" गळतो आणि उरलेले तुकडे जुळून पुन्हा "../" तयार होतं. म्हणजे गाळणीतूनच हवी ती वस्तू बाहेर पडते. लूप लावून सगळं संपेपर्यंत गाळलं तरी विंडोजवर "..\" शिल्लक राहतंच.

दुसरी अट आणखी वाईट. गेटॲब्सोल्यूटपाथ फक्त सापेक्ष पाथ पूर्ण करतो, ".." सोडवत नाही. "/साठा/दस्त/../../एटसी/पासवर्ड" हा पाथ आधीच पूर्ण आहे, तो जसाच्या तसा परत येतो आणि त्याची सुरुवात अर्थातच "/साठा/दस्त" अशीच असते. तुम्हीच तो उपसर्ग पुढे जोडलाय! लिनक्सवर ही अट कधी खोटी ठरूच शकत नाही.

आता समजा, गेटकॅनॉनिकलपाथ वापरला. तो ".." सोडवतो, प्रतीकात्मक दुवेही (सिमलिंक, म्हणजे दुसरीकडे नेणारी नोंद) सोडवतो. तरीही स्ट्रिंगचा स्टार्ट्सविथ अक्षरं मोजतो, फोल्डर नाही. शेजारी "/साठा/दस्त-जुने" असा फोल्डर असेल तर "../दस्त-जुने/करार.पीडीएफ" बिनबोभाट पास होतो. ही चूक मी कोड तपासताना सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, कारण ती चाचणीत कधी सापडत नाही. बॅकअपचा फोल्डर शेजारी कोणीतरी नंतर तयार करतं.

लिनक्सवेडी

+१. आणि लोक अजून एक करतात. गेटपॅरामीटरमधून आलेलं नाव कंटेनरने (इथे टॉमकॅटने) आधीच डीकोड केलेलं असतं. त्यावर पुन्हा यूआरएलडीकोडर चालवलेला असतो, 'सुरक्षिततेसाठी'. मग "%२५२ई" पाठवलं की पहिल्या फेरीत "%२ई" आणि दुसऱ्या फेरीत ठिपका. तपासणी पहिल्या फेरीनंतर असेल तर संपलं. शिवाय ज्या फाइलच्या नावात खरोखर अधिक चिन्ह आहे, त्याची दुसऱ्या फेरीत मोकळी जागा होते आणि 'फाइल सापडत नाही' अशी तक्रार येते. अर्धविराम, तुमच्या कोडमध्ये असा डीकोड कुठे आहे का ते शोधा आणि काढून टाका.

शून्यबाइट

मी म्हणेन पांढरी यादी लावा. नावात फक्त अक्षरं, अंक, ठिपका, हायफन, अंडरस्कोर. बाकी सगळं परत. एका रेजेक्समध्ये काम होतं, एवढा खटाटोप कशाला?

दुर्गवासी

@शून्यबाइट, काळ्या यादीपेक्षा पांढरी यादी केव्हाही बरी, यात वाद नाही. पण मराठी नावांच्या फाइली येणार असतील तर जपून. जावाच्या रेजेक्समध्ये "\डब्ल्यू" हा वर्ग मुळात फक्त आस्की अक्षरं ओळखतो. 'किल्ला.पीडीएफ' तिथेच बाद. मग कोणीतरी युनिकोडचा 'अक्षर' वर्ग लावतो, तरीही 'किल्ला' बादच. कारण त्यातली वेलांटी, हलन्त आणि काना युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, 'मार्क' वर्गातली चिन्हं आहेत. अक्षर आणि मार्क दोन्ही वर्ग घेतले तरच नाव पास होतं.

आणि तुमच्या यादीत ठिपका आहे. म्हणजे नुसतं ".." हे नावही यादीत बसतं. स्लॅश नसल्यामुळे एकच पायरी वर जाता येईल, पण एक पायरीही का जाऊ द्यायची?

माझं मत ठाम आहे: बाहेरून आलेल्या मजकुरापासून पाथ बनवूच नका. बाहेरून यावा तो क्रमांक. पाथ आत तयार व्हावा.

अपलोडच्या वेळी यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब क्रमांक) काढा, डिस्कवर फाइल त्याच नावाने ठेवा. वापरकर्त्याने दिलेलं मूळ नाव डेटाबेसच्या रकान्यात, सोबत मालक, आकार, मजकुराचा प्रकार. डाउनलोडला तो क्रमांक येतो. आधी यूयूआयडी.फ्रॉमस्ट्रिंगने तो यूयूआयडी म्हणून वाचा आणि पुढे सगळीकडे तोच ऑब्जेक्ट वापरा, मूळ स्ट्रिंग नको. मग डेटाबेसमध्ये ओळ शोधा, मालकी तपासा, आणि मग पाथ. मालकीवर जोर देतोय कारण पाथ अगदी सुरक्षित असूनही दुसऱ्याचा क्रमांक टाकला की दुसऱ्याची फाइल मिळते, हा दोष याच्या जोडीने नेहमी सापडतो. नसलेली फाइल आणि परक्याची फाइल, दोन्हींना एकच ४०४ द्या. उत्तरात फरक असला की काय अस्तित्वात आहे ते बाहेरच्याला कळतं.

यातून नावांच्या लांबीची कटकटही मिटते. ईएक्सटी४ वर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, मात्रा आणि हलन्त धरून. सरकारी पत्राचा विषय फाइलचं नाव म्हणून दिला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

ओळखपाळख

मूळ नावावर विश्वास का नको, याचं एक उदाहरण स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कचं आहे. सीव्हीई-२०२३-५०१६४ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या दोषाचा नोंदणी क्रमांक). फ्रेमवर्क अपलोड झालेल्या फाइलचं नाव साफ करून ॲक्शनला देत होतं. पण पॅरामीटरच्या नावातल्या लहान-मोठ्या लिपीचा घोळ असा होता की हल्लेखोराला तेच फाइलनाव दुसऱ्या पॅरामीटरमधून, साफ न करता, वरून लिहिता येत होतं. त्यातून ".." असलेलं नाव, त्यातून वेबरूटमध्ये (सर्व्हर जिथून पानं देतो त्या फोल्डरात) जेएसपी, म्हणजे सर्व्हरवर चालणारं पान, आणि पुढे सर्व्हरच हातातून गेला. ज्यांनी डिस्कवरचं नाव स्वतः तयार केलं होतं, त्यांच्याकडे ते वरून लिहिलेलं नाव पाथपर्यंत पोचलंच नसतं.

स्प्रिंगमध्येही २०२४ साली सीव्हीई-२०२४-३८८१६ आला. फंक्शनल राउटरमधून फाइलसिस्टिमवरच्या स्थिर फाइली देणाऱ्या ॲपमध्ये फोल्डरबाहेर वाचता येत होतं. फ्रेमवर्क अद्ययावत ठेवा, पण सगळी भिस्त त्याच्यावर टाकू नका.

अर्धविराम

क्रमांकाची रचना पटली, अपलोड-डाउनलोडला तीच लावतो. पण एक भाग उरतोय. प्रशासकाला अहवालांचे फोल्डर झाडासारखे उघडून पाहता येतात. वर्ष, महिना, मग फाइल. ते फोल्डर दुसरीच प्रणाली भरते, डेटाबेसमध्ये नोंद नाही. तिथे सापेक्ष पाथ बाहेरून येणारच. तिथे काय करावं?

दुर्गवासी

तिथे जावा ७ पासून आलेला एनआयओचा पाथ वापरा, जुना फाइल वर्ग नको. क्रम महत्त्वाचा आहे:

पाथ आधार = पाथ.ऑफ("/साठा/अहवाल").टूरिअलपाथ();
पाथ लक्ष्य = आधार.रिझॉल्व्ह(मागणी).नॉर्मलाइझ();
इफ (!लक्ष्य.स्टार्ट्सविथ(आधार) || लक्ष्य.इक्वल्स(आधार)) नकार;
पाथ खरा = लक्ष्य.टूरिअलपाथ();
इफ (!खरा.स्टार्ट्सविथ(आधार)) नकार;

पाथ वर्गाचा स्टार्ट्सविथ अख्खे घटक जुळवतो, त्यामुळे 'अहवाल' आणि 'अहवाल-जुने' यांत तो फसत नाही. पण तो स्वतःहून ".." सोडवत नाही. नॉर्मलाइझ विसरलात तर "/साठा/अहवाल/../../एटसी" हा पाथ त्याच्या मते आधाराखालचाच आहे.

रिझॉल्व्हची एक खोड माहीत असू द्या. त्याला संपूर्ण पाथ दिला, म्हणजे "/एटसी/पासवर्ड", तर तो आधार सोडून देतो आणि तोच पाथ परत करतो. जुना फाइल वर्ग दोन आर्ग्युमेंट दिली तर जोडून "/साठा/अहवाल/एटसी/पासवर्ड" करायचा. त्यामुळे फाइलवरून पाथवर कोड हलवताना तपासणी पुढे ढकलली तर आधी नसलेलं भोक पडतं. वरच्या क्रमात ते स्टार्ट्सविथवर अडतं.

इक्वल्सची अट कशाला? मागणी रिकामी किंवा नुसता "." आली की लक्ष्य म्हणजे आधारच, आणि आधार आधाराखाली आहेच असं उत्तर येतं. वाचताना फार बिघडत नाही. पण हाच कोड उद्या कोणी 'फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसा' या बटणाला जोडला की अख्खा साठा साफ. मुळाचा फोल्डर दाखवायचा असेल तर त्याला वेगळी वाट द्या.

आधार सुरुवातीलाच टूरिअलपाथने पक्का करा. कॉन्फिगमध्ये "./अहवाल" लिहिलं असेल तर नॉर्मलाइझनंतर लक्ष्य "अहवाल/..." होतं, आधार "./अहवाल" राहतो आणि प्रत्येक वैध मागणीही नाकारली जाते. मग कोणीतरी घाईत तपासणीच काढून टाकतं.

लिनक्सवेडी

दोनदा स्टार्ट्सविथ का, हे थोडं उलगडून सांगते, कारण कोड वाचणाऱ्याला दुसरा अनावश्यक वाटतो आणि तो उडवला जातो.

नॉर्मलाइझ निव्वळ मजकुरावर चालतो, डिस्ककडे पाहतही नाही. फोल्डरमध्ये 'ताजे' नावाचा प्रतीकात्मक दुवा बाहेर कुठे जात असेल तर "ताजे/गुप्त.टीएक्सटी" हा पाथ मजकुराने आतला, प्रत्यक्षात बाहेरचा. टूरिअलपाथ दुवे सोडवतो, म्हणून दुसरी तपासणी. पण फाइल अस्तित्वात नसेल तर तो अपवाद फेकतो, म्हणून नवी फाइल लिहिताना पालक फोल्डरचा टूरिअलपाथ घ्यायचा आणि नाव त्याला जोडायचं. दोन्ही अपवाद, नसलेली फाइल आणि अवैध पाथ, पकडून तेच ४०४.

तपासणी आणि उघडणं यांच्यात क्षणाचं अंतर राहतंच. त्या फोल्डरमध्ये दुसऱ्या कोणाला लिहिता येत असेल तर तेवढ्यात दुवा बदलता येतो. त्यावर कोडपेक्षा परवानग्या हा खरा उपाय: ॲप वेगळ्या वापरकर्त्याखाली चालवा, अहवालांचा फोल्डर ॲपला फक्त वाचण्यापुरता द्या, आणि तो भरणाऱ्या प्रणालीशिवाय कोणाला लिहिता येऊ नये. नवी फाइल लिहिताना क्रिएट_न्यू पर्याय द्या, म्हणजे आधीच काही असेल तर लिहिणं थांबतं, दुव्यावरून पलीकडे जात नाही.

चौकट

टॉमकॅट आणि स्प्रिंग सिक्युरिटी हे सगळं आधीच अडवत नाहीत का? आमच्याकडे ब्राउझरमध्ये "../" टाकून पाहिलं, काहीच झालं नाही.

ओळखपाळख

ब्राउझरमधून ते कधीच कळणार नाही. यूआरएलच्या वाटेतले "../" ब्राउझर पाठवण्याआधीच सोडवतो. कर्लला 'पाथ-ॲज-इज' पर्याय द्या, मग मजकूर जसाच्या तसा जातो.

टॉमकॅट यूआरएलची वाट साफ करतो, एन्कोड केलेला स्लॅश मुळातच नाकारतो. स्प्रिंग सिक्युरिटीची कडक फायरवॉल अर्धविराम चिन्ह, दुहेरी स्लॅश वगैरे अडवते. पण हे सगळं यूआरएलच्या वाटेपुरतं. क्वेरी पॅरामीटर, जेसनमधलं मूल्य, मल्टिपार्टमधलं फाइलनाव, कुकी, यांच्या आशयात ते डोकावत नाहीत, आणि डोकावूही नये, कारण तिथे ".." हा पूर्ण वैध मजकूर असू शकतो. तुमचा धोका क्वेरीत आहे आणि पहारा वाटेवर. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

अजून एक ठिकाण लोक विसरतात. डब्ल्यूईबी-आयएनएफ फोल्डर बाहेरून थेट मागता येत नाही, हे खरं. पण रिक्वेस्टडिस्पॅचरला किंवा गेटरिसोर्सॲझस्ट्रीमला वापरकर्त्याने दिलेला पाथ दिला तर ती मागणी आतून होते, आणि आतल्याला डब्ल्यूईबी-आयएनएफ खुला असतो. "पान=मुख्य" असा पॅरामीटर घेऊन जेएसपी फॉरवर्ड करणारा कोड शोधा. तिथे मॅप ठेवा: ठरलेली किल्ली, ठरलेलं पान, बाकी काही नाही.

शून्यबाइट

पांढऱ्या यादीबद्दलचं म्हणणं पटलं. माझ्या नावाचा विषय आहे म्हणून भर घालतो. जावा ७ च्या अपडेट ४० पर्यंत फाइल वर्ग शून्य बाइट नावात चालवून घ्यायचा. "गुपित.जेएसपी" नंतर शून्य बाइट, मग ".पीडीएफ". जावा म्हणते नाव पीडीएफने संपतं, ऑपरेटिंग सिस्टिम शून्य बाइटवर थांबते आणि जेएसपी उघडते. आता फाइल नाकारते आणि पाथ अवैध पाथाचा अपवाद फेकतो. जुन्या जावावर कोणी अडकलं असेल तर मात्र ही वाट अजून उघडी आहे.

विंडोजचं वेगळं पाहा. तिथे नावाच्या शेवटचे ठिपके आणि मोकळ्या जागा गळतात, म्हणून "अ.जेएसपी." ही नावात वेगळी पण डिस्कवर तीच फाइल. कोलन वापरून त्याच फाइलचा पर्यायी प्रवाह उघडता येतो. लहान-मोठी लिपी एकच धरली जाते. सीओएन, एनयूएल ही नावं राखीव आहेत. आणि उलट बाजू: लिनक्सवर बॅकस्लॅश हे नावातलं साधं अक्षर आहे. विंडोजवरच्या एखाद्या जुन्या ब्राउझरने अख्खा "सी:\...\अ.पीडीएफ" पाठवला तर लिनक्सवर गेटफाइलनेम तो सगळाच एक नाव म्हणून परत देतो. गेटसबमिटेडफाइलनेम क्लायंटने जे पाठवलं तेच सांगतो, शुद्ध करून देत नाही. दाखवण्यापुरतं नाव हवं तर कॉमन्स आयओचा फाइलनेमयुटिल्स.गेटनेम दोन्ही प्रकारचे विभाजक ओळखतो. त्या लायब्ररीची २.७ च्या आधीची आवृत्ती असेल तर बदला, तिच्या नॉर्मलाइझमध्ये सीव्हीई-२०२१-२९४२५ आहे.

अर्धविराम

झिप राहिलं. आमच्याकडे झिप सर्व्हरवर उलगडतात.

दुर्गवासी

झिपएंट्री.गेटनेम हा बाहेरून आलेला मजकूरच आहे. त्यात "../../वेबॲप्स/रूट/अ.जेएसपी" असू शकतं. २०१८ च्या जूनमध्ये 'झिप स्लिप' या नावाने हे जाहीर झालं तेव्हा जावाच्या प्रकल्पांना जास्त फटका बसला, कारण झिप सुरक्षितपणे उलगडणारी तयार सोय जावात नव्हती आणि जो तो तोच आठ-दहा ओळींचा असुरक्षित तुकडा उतरवून घेत होता.

प्रत्येक नोंदीला वरचीच रिझॉल्व्ह, नॉर्मलाइझ, स्टार्ट्सविथ ही साखळी लावा, आणि ती लिहिण्याआधी. आधी उलगडून मग फोल्डर तपासणं म्हणजे वरातीमागून घोडं. नोंदींची संख्या आणि उलगडलेला एकूण आकार यांना मर्यादा ठेवा, तीही प्रत्यक्ष वाचलेले बाइट मोजून. नोंदीत लिहिलेला आकार झिप बनवणाऱ्याने लिहिलेला असतो. शक्य असेल तर इथेही आतल्या फाइली यूयूआयडीने ठेवा आणि झिपमधली नावं डेटाबेसमध्ये.

उलगडण्याची जागा वेबरूटच्या बाहेरच हवी. फाइलसिस्टिमला 'नोएक्झेक' (तिथून प्रोग्राम चालवायला बंदी) लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका. जेएसपी ऑपरेटिंग सिस्टिम चालवत नाही, कंटेनर ती वाचून कंपाइल करतो. नोएक्झेकचा तिच्यावर परिणाम शून्य. शिवाय गेटरिअलपाथने वेबरूटमध्ये ठेवलेल्या फाइली पुन्हा डिप्लॉय करताना पुसल्या जातात, आणि वॉर (ॲपचं बांधलेलं पॅकेज) न उलगडता चालवलं तर तो नल देतो.

लिनक्सवेडी

डाउनलोडच्या हेडरमध्ये मूळ नाव परत बाहेर जाणार, तिथेही हाताने स्ट्रिंग जोडू नका. स्प्रिंगचा कंटेंटडिस्पोझिशन बिल्डर वापरून यूटीएफ-८ सांगितलं की मराठी नाव नीट एन्कोड होऊन जातं आणि अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ घुसवून हेडर फोडता येत नाही. सोबत 'नोस्निफ' हेडर, म्हणजे ब्राउझर मजकुराचा प्रकार स्वतः ओळखायला जात नाही.

आणि ॲप डॉकरसारख्या कंटेनरमध्ये चालवत असाल तर हे पाहाच. त्याच्या प्रतिमेत (इमेज) लोकेल, म्हणजे भाषा-लिपीची सेटिंग, ठरवलेला नसेल तर जावा फाइलनावांसाठी आस्की धरते आणि देवनागरी नाव पाथ.ऑफला दिलं की 'न जुळणारी अक्षरं' म्हणत अपवाद येतो. जावा १८ पासून मजकुराचं एन्कोडिंग मुळातच यूटीएफ-८ झालं, पण फाइलनावांचं अजून लोकेलवरून ठरतं. प्रतिमेत एलसी_ऑल ला सी.यूटीएफ-८ द्या. तुमच्या अहवालांच्या फोल्डरांची नावं मराठीत असतील तर सर्व्हरवर गेल्यावर पहिली तक्रार हीच येईल.

चौकट

चाचण्या कशा लिहिता?

ओळखपाळख

पाथ तयार करणारा कोड एकाच वर्गात ठेवा, बाकी कुठेही पाथ.ऑफ दिसलं तर तपासणीत अडवा. मग त्या एका वर्गावर जेयुनिटची टेंपडिर आणि पॅरामीटराइज्ड चाचणी: "..", ".", रिकामं, "....//", संपूर्ण पाथ, शेजारच्या सारख्या उपसर्गाचा फोल्डर, शून्य बाइट, आणि बाहेर जाणारा खरा दुवा. विंडोजसाठी जिमएफएस ही गूगलची मेमरीतली फाइलसिस्टिम विंडोजच्या पद्धतीने उभी करता येते, म्हणजे पाथचे नियम लिनक्सच्या यंत्रावरही तपासता येतात. फक्त त्या वर्गाला फाइलसिस्टिम बाहेरून देता आली पाहिजे.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच वर्ग, क्रमांकाने साठवण, अहवालांसाठी दुर्गवासींची साखळी, असं ठरवलंय. जुन्या फाइली रात्रीच्या जॉबने यूयूआयडीवर हलवतोय. शेवटची शंका: फाइल आधी लिहायची की डेटाबेसची ओळ आधी?

दुर्गवासी

फाइल आधी. त्याच डिस्कवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये फाइल्स.क्रिएटटेम्पफाइलने लिहा, लिनक्सवर ती फक्त मालकाला वाचता येईल अशी बनते, जुन्या फाइल वर्गाची क्रिएटटेम्पफाइल मात्र उमास्कवर, म्हणजे प्रणालीत आधी ठरलेल्या परवानग्यांवर, चालते. लिहून झाली की ॲटॉमिक_मूव्हने यूयूआयडीच्या नावावर हलवा आणि मग ओळ कमिट करा. कमिट फसलं तर एक अनाथ फाइल उरते, जिच्यापर्यंत कोणीच पोचू शकत नाही. दिवसाहून जुन्या आणि डेटाबेसमध्ये ओळ नसलेल्या फाइली पुसणारा जॉब लावला की झालं. उलट क्रमाने केलंत तर ओळ आहे पण फाइल नाही, आणि तो ४०४ खऱ्या मालकाला दिसतो.